तुझ्या रिळात नवा तंगूस

अगं,

मानवजातीच्या इतिहासात आज दुपारी स्वावलंबनाचं युग सुरू झालं. म्हणजे, तुझ्या गळाच्या रिळात नवा नायलॉनचा तंगूस मी एकट्याने भरला. एरवी फिरकी तू धरतेस आणि "मधे ढीग करू नका!" म्हणून ओरडतेस. आज तू लेकीबरोबर तुझ्या हाताचं प्लास्टर काढायला गेलीस, म्हणून फिरकी तुझ्या विणायच्या सुईत ओवली, सुई पायाच्या बोटांत धरली आणि ओरडलोही मीच. अंगठ्याने दाबत असा सारखा भरलाय, की नावं ठेवायला तुला जागा नाही. उद्या तळ्यावर पहिला गळ तूच टाकायचा, त्याच हाताने.

मी मागे गांडुळं उकरतोय. तंगूस अजून फिरकीला जोडलेलाच आहे. कात्री कुठे ठेवतेस, तेवढं सांग.