सतराव्या ओळीचे चाळीस दाणे

राजोडी, ता. १४ डिसेंबर १९५१
जेजू-मारी-जोजे

चि. सिप्रियन यास कार्मिनबायचे अ. आ. वि. वि.

गव्हाची पुडी पोचली. नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यात शेत उगवायला गहू पाठव म्हटले, तर मोजून चाळीस दाणे आले. सरकारी गहू-शेतीवर लागल्यापासून तुझा हात फारच आखडला आहे. काल मातीच्या एका पसरट परळात ते पेरले आणि दुसऱ्यात बाजारचा गहू.

आय असती तर पहाटे उठून आधी कोंब पाहायला गेली असती. लहानपणी एकदा तू सगळी रोपे उपटून मुळे बघितलीस, तेव्हा तिने न रागावता पुन्हा पेरले होते. तिच्यावाचून हा पहिला नाताळ. पावसाळ्यात ती गेली तेव्हा रजा मिळाली नाही असे तू लिहिलेस, तेच मी सगळ्यांना सांगते. आता तरी ये.

तुझी वाट पाहणारी थोरली बहीण,
बाय


लासलगाव, ता. १२ फेब्रुवारी १९५२

ती. कार्मिनबायस शि. सा. न. वि. वि.

नाताळाला आलो नाही, रागावली असशील. तरी तुझ्याकडेच मागायची वेळ आली आहे.

कोणत्या जातीच्या गव्हावर किती मावा पडतो, ते मोजायचे माझे काम. हे बारीक हिरवे किडे रस शोषून पीक बसवतात. गेल्या वर्षी साठ जातींत एकच झाड असे निघाले, की त्याला मावा शिवला नाही. त्याचे चाळीस दाणे यंदा सतराव्या ओळीत पेरायचे होते. त्या ओळीला आता ओंब्या आल्या, पण कुसळे नाहीत. माझ्या झाडाला लांब काळी कुसळे होती. पुड्यांची अदलाबदल माझ्याच हातून झाली आणि सहा वर्षांची मेहनत तुझ्या परळात गेली. साहेबांना अजून सांगितलेले नाही.

जानेवारीत तीन राजांच्या सणानंतर आय गोठ्यातले ते गवत गाईला घालायची, म्हणून आशा धरत नाही. तरी एखादे रोप उरले असेल तर कळव.

आणखी एक. रजा मिळत होती. तार आली तेव्हा आयला माती देऊन झाली होती, आणि तिच्याशिवायचे घर बघायचा मला धीर झाला नाही.

रागासकट माया असू दे.
सिप्रियन


राजोडी, ता. २० फेब्रुवारी १९५२
जेजू-मारी-जोजे

चि. सिप्रियनला अ. आ. वि. वि.

रजेचे मला तेव्हाच कळले होते. खोटे लिहितोस तेव्हा तुझे अक्षर फार सुंदर येते.

यंदा गवत गाईला घातले नाही. आयची आठवण म्हणून ती रोपे टाकवेनात. दोन्ही परळांतली तिच्या कबरीवरच्या मातीत लावली, बाजारची पायाशी, तुझी उशाशी. रोज संध्याकाळी कळशीभर पाणी घालते. क्लेमेंटीनमावशी म्हणते, मला वेड लागले.

पत्र वाचून लगेच गेले. पायाशी सगळे माव्याने चिकट झाले आहे, मुंग्या चढल्या आहेत. उशाशी एकोणतीस रोपे उभी आहेत. पाने उलटून पाहिली, एक किडा नाही. ओंब्यांना लांब काळी कुसळे आहेत. तिथेच बसून मी रडले.

टपालाने मात्र एक दाणाही पाठवणार नाही. मार्चअखेर पिकेल. साहेबांना खरे सांग, रजा माग आणि विळा घेऊन ये. तोवर पाणी मी घालीन, कापायचे तू.

लोभ काय तो इथे येऊन कर.
तुझी बाय