सॉनात बसलेले दोन दिवे

कोइवुनिएमी, २४ सप्टेंबर

प्रिय आउनेताई हिस,

धाकट्या भावाचा, म्हणजे ताइस्तोचा, सप्रेम नमस्कार. वि. वि. इकडे सगळं ठीक आहे. तुझा खुबा आता कसा आहे? लेनार्ट दाजींचं रक्तदाबाचं औषध बदललं का? गोथेनबर्गच्या पावसाची चौकशी करत नाही, तो असतोच. माझी तब्येत उत्तम. डाव्या खांद्यात एक कळ येते, ती का येते ते पुढे सांगतो. पत्राचं कारण एवढंच, की दाजी आपल्या होडीला कुठलं वॉर्निश लावतात ते कळवावं. (आईचं सॉनातलं, त्या वाफेच्या न्हाणीतलं, तांब्याचं ओगराळं तू लग्नानंतर उचलून स्वीडनला नेलंस, तो विषय मी काढणार नाही. पन्नास वर्षं काढला नाही, आता काय काढायचा. निखाऱ्यावरच्या धोंड्यांवर पाणी ओतायला मी काठीला कॉफीचा डबा बांधलाय, चालतं.)

वॉर्निश हवंय गाडीच्या दिव्यांसाठी. तीच निळी गाडी, आता एकवीस वर्षांची झाली. तिच्या पुढच्या दिव्यांच्या काचा (म्हणायच्या काचा, असतं प्लास्टिक) उन्हाने आणि हिवाळ्यात रस्त्यावर पसरतात त्या मिठाने पिवळ्या पडून आंधळ्या झाल्या होत्या. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात, रात्रसुद्धा उजेडाची, ते कळायचं कसं? मे महिन्यापासून दर शनिवारी मी राइलीला तळ्याकाठच्या मांडवात नाचाला नेतो. (राइली म्हणजे वळणापलीकडची, पोस्टात होती ती. तिचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली.) जाताना उजेड, येतानाही उजेड. बर्चची झाडं दोन्ही बाजूंनी हळूहळू मागे जातात, राइलीच्या मांडीवर तिचे नाचाचे बूट असतात. तुला ठाऊक आहे, मी तीस वर्षं फेरीबोट चालवली, या काठावरून त्या काठावर, चारशे मीटर. त्या चारशे मीटरांत जे कधी वाटलं नाही ते मला या गाडीत वाटायचं, की आपण कुठेतरी चाललोय. आणि अंधार नावाची चीज आता पुन्हा येणार नाही, असंही वाटायला लागलं होतं.

ती आली ऑगस्टमध्ये. दलदलीवर धुकं उतरलेलं, आणि माझ्या दिव्यांचा उजेड असा, की कोणीतरी झोपेत मेणबत्ती धरलीय. राइलीने पुढे वाकून काचेतून बघितलं. मग म्हणाली, "ताइस्तो, रस्ता अजून खाली आहे ना?" मी म्हटलं, आहे. "नाही, मी आपलं सहज विचारलं," म्हणाली आणि घर येईपर्यंत दाराची कडी धरून बसली. पुढच्याच आठवड्यात वार्षिक तपासणीत गाडी नापास झाली. दिवे सुधारा नाहीतर गाडी रस्त्यावरून काढा, महिन्याची मुदत. मुदत संपत होती शुक्रवारी, आणि शनिवारी होता मोसमातला शेवटचा नाच. त्या शेवटच्या नाचाला मी राइलीला एक गोष्ट विचारायची ठरवली होती. कोणती ते तू ओळखशीलच, मी स्वतःशीसुद्धा ती मोठ्याने म्हटलेली नव्हती. गाडी गेली असती तर राइली ओस्मोबरोबर गेली असती. ओस्मो म्हणजे बोटीवरचा माझा जुना सोबती. त्याने विजेवरची नवी गाडी घेतलीय, तिचे दिवे समोरून कोणी आलं की आपणहून नजर खाली घालतात. ओस्मोला स्वतःला ते आयुष्यात जमलं नाही.

मग मी घासायला बसलो. आधी टूथपेस्टने, कारण सगळे तेच सांगतात. दोन दिवस दिवे चकचकीत दिसले, अंगणात पुदिन्याचा वास सुटला आणि तिसऱ्या दिवशी दिवे पहिल्यापेक्षा मळकट. मग दोन्ही दिवे खोबणीतून उपटून पायरीवर आणले आणि ओल्या पॉलिश पेपरने घासले, आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. (खांद्यातली कळ ही.) यात गंमत अशी, की आधी काच पुरती पांढरी होते, आपण सत्यानाश केला असं वाटतं, आणि तरी घासत राहायचं असतं. तीन आठवडे मी पाण्याची बादली घेऊन बसलो होतो. कधी ओला दिवा डोळ्यांसमोर धरून त्यातून तळं बघायचो. रोज ते थोडं जवळ यायचं. एकदा त्यातून राइली येताना दिसली, उलटी आणि अगदी चिमुकली. ती बरोबर वेलदोड्याचे पाव घेऊन आली होती. मी म्हटलं, ठेव तिथे, हात ओले आहेत. ओस्मोही यायचा. म्हणायचा, "घास, घास. पलीकडून हात बाहेर आला की सांग."

गुरुवारी सकाळी काचांवर पारदर्शक लॅकरचा शेवटचा थर दिला. डब्यावर लिहिलं होतं, ऊबदार, कोरड्या आणि धूळ नसलेल्या जागी दिवसभर वाळू द्या. आता ताई, अशी जागा आपल्या घरात एकच. तू तिथेच जन्मलीस, मीही. सॉना कोमटसा तापवला, दोन्ही दिवे वरच्या फळीवर शेजारी शेजारी बसवले, दार लावलं आणि रानात लिंगनबेरी वेचायला गेलो.

परत आलो तो धुराड्यातून भरभरून धूर. राइलीच्या सॉनाचा पाइप वसंतात तडकला, तेव्हापासून ती बुधवारी आपल्याकडे न्हायला येते. त्या बुधवारी ती भाचीकडे होती, म्हणून गुरुवारी आली, एवढं साधं. आता मी काय करणार? आत बाई न्हातेय, दार उघडता येत नाही. हाक मारावी, तर सॉनापाशी देवळातल्यासारखं वागायचं हे आईने शिकवलेलं. मी पायरीवर बसलो. आतून धोंड्यांवर पाणी पडल्याचं ऐकू आलं, मग वाफेचा सुस्कारा, मग अंगावर मारून घ्यायच्या बर्चच्या ओल्या डहाळ्यांच्या जुडीचे फटके, हलके, सावकाश. तळ्यावर एक पिवळं पान फिरत होतं. माझा तीन आठवड्यांचा घाम आत वाफेत शिजत होता, तरी खरं सांगतो, मला उठावंसं वाटेना. चाळीस मिनिटांनी राइली बाहेर आली, लालबुंद, केसांतून पाणी गळतंय. म्हणाली, "त्यांनाही वाफ दिली. दोन-दोन फटके मारले हळूच. बिचारे फार दमलेले दिसत होते." (ती चष्मा लावते, आणि सॉनात चष्मा कोण घालतो? नाक भाजेल. तेव्हा वरच्या फळीवर कोण बसलंय हे तिला नीट कळलं नसणार.) मी एवढंच म्हटलं, "बरं केलंस."

डाव्याला काही झालं नव्हतं. उजव्याच्या खालच्या कोपऱ्यात लॅकर दुधाळलं होतं आणि त्यात बर्चचं एक पान कायमचं चिकटून बसलं होतं. खरवडायला वेळ नव्हता. शुक्रवारी तपासनिसाने उजेड मोजला, भरपूर निघाला. मग तो त्या पानापाशी वाकून बराच वेळ बघत राहिला. "हे काय?" बर्च, मी म्हटलं. त्याने नियमांचं पुस्तक चाळलं. भेगा होत्या, पाणी होतं, चिखल होता, पान नव्हतं. शेवटी कागदावर लिहिलं, "उजवा दिवा: पान. लक्ष ठेवावे." आणि गाडी पास केली.

शनिवारी आम्ही मांडवापाशी पोचलो तेव्हा अंधारलं होतं. दिव्यांचा उजेड पार तळ्यापर्यंत गेला, आणि होडीघराच्या भिंतीवर त्या पानाची ही एवढी मोठी सावली पडली. आतून नाचाचं संगीत येत होतं. राइली उतरेना. म्हणाली, "मला नाचायचं नाही. गुडघा दुखतो. तीन उन्हाळे दुखतोय." मी विचारलं, मग येत का होतीस? "तू नेत होतास म्हणून." मला नाचाची किती आवड आहे ते तुला माहीतच आहे, माझ्या पायाखाली आलेली प्रत्येक बाई सांगेल. तेव्हा आम्ही तसेच बसलो. पानाची सावली बघत. किती वेळ कोण जाणे. सावली फिकट झाली, मग भिंत दिसेना, मग काहीच दिसेना. बॅटरी उतरली होती. तीन आठवडे ज्या उजेडासाठी खपलो तो संपला, आणि त्या मिट्ट काळोखात मी विचारलं. राइली म्हणाली, "कळलं. पण घरी कसं जायचं?" नाचाला आलेल्या ओस्मोने सोडलं. रस्ताभर तो स्वतःच्या दिव्यांचं कौतुक सांगत होता, आणि मागच्या सीटवर राइलीने माझा दुखरा खांदा धरून ठेवला होता.

दाजींना नमस्कार सांगावा.

तुझा,
ताइस्तो

ता. क. वॉर्निशचं राहू दे. पान काढायचं नाही असं ठरलंय.

ता. क. २. अठरा ऑक्टोबरला, शनिवारी, तुम्ही दोघांनी यावं. साक्षीदार दोन लागतात, एक ओस्मो आहे. आणि येताना आईचं ओगराळं घेऊन ये, ताई. राइली कॉफीच्या डब्याने पाणी ओतते तेव्हा मलाच कसंतरी होतं.

ता. क. ३. पत्र पाकिटात घालण्याआधी राइलीने वाचलं, चष्म्याशिवाय. ती म्हणते, चष्मा लांबचं बघायला लागतो, वरची फळी हातभर अंतरावर असते. ते दिवे आहेत हे तिला आत शिरताक्षणीच दिसलं होतं. पण तीन आठवडे मी त्यांच्याखेरीज कोणाकडे बघितलं नव्हतं, म्हणून म्हणे ते फटके. माझ्या वाट्याचे अजून राहिले आहेत.