रुख्मिणीकाकूंचा दुखरा खांदा

प्रिय राखी,

सगळ्यात आधी हे वाच: काकू बऱ्या आहेत. आज सकाळी कुलदीप त्यांना घरी सोनाळ्याला घेऊन गेला. निघताना स्टँडवरचे पेरू घेतल्याशिवाय गाडीत बसायला तयार नव्हत्या. आता तू निवांत बसून पुढचं वाच.

आईचा खांदा दुखतो म्हणून खामगावला आणलं, एवढंच तुला तुझ्या भावानं, कुलदीपनं, फोनवर सांगितलं असेल. मलाही आधी तेवढंच कळलं होतं. खांद्याच्या गोळ्या खाऊन उतार पडेना, म्हणून कुलदीप त्यांना आमच्या दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला, तर काकूंनी झटकन वर केला. दुखरा खांदा इतका सहज वर जात नाही गं. पण दुसऱ्या हातानं त्यांनी पदर छातीशी असा गच्च धरला होता, की मी बघतच राहिले. आपल्याकडच्या बायका छातीचं नाव घेत नाहीत. वर असेल तर खांदा म्हणतात, खाली असेल तर पोट. आमचे डॉक्टर तरुण आहेत, पण समजूतदार. माझ्याकडे बघून म्हणाले, “सिस्टर, आधी तुम्ही बोला, मी बाहेर थांबतो.” कुलदीपलाही चहाला पाठवलं.

मी पडदा ओढला. काकू हळूच म्हणाल्या, “डोरलं काढा लागते का वं? मागं एका ठिकाणी सगळ्या मानसायसमोर काढ म्हनलं, मी तशीच घरी आली.” मी म्हटलं, मंगळसूत्र काढायचं नाही, पाठीवर सोडू. पदरही तुमचा तुम्हीच सरकवा, जेवढा सरकवावासा वाटेल तेवढाच. आणि तुम्ही ‘पुरे’ म्हणालात की माझा हात थांबेल. मी हात चोळून गरम केले. आधी बरी बाजू तपासली, म्हणजे काय होणार ते त्यांना कळावं. दुसऱ्या बाजूला हात लावण्याआधी विचारलं, कुठे आहे ते तुम्हीच दाखवता का? राखी, त्यांनी डोळे मिटले, माझा हात धरला आणि नेमका त्या जागेवर नेऊन ठेवला.

गाठ होती. सुपारीपेक्षा मोठी, कडक. वरची कातडी हळद-चुन्याच्या लेपानं भाजलेली. मी चेहरा तसाच ठेवला. बोटं काखेपर्यंत फिरवली. काकू वर पंख्याकडे बघत म्हणाल्या, “तुह्या काकालेबी नाही सांगतलं पोरी. कॅन्सर असला तं असू दे, पन सांगू कसं?”

पुढे काय करायचं आणि कोणाला सांगायचं, हे मी त्यांनाच विचारलं. म्हणाल्या, “गाठ हाय म्हन. कुठी हाय ते नोको सांगू.” डॉक्टरांनी अकोल्याच्या लेडी डॉक्टरांची वेळ घेतली. सोनोग्राफी झाली, सुईनं तुकडा काढून तपासायला गेला. मी सुट्टी टाकून सोबत गेले. सुई टोचताना त्यांनी माझं मनगट असं आवळलं, की बांगडी वाकली. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते विचारू नकोस. लहानपणी त्यांनी तुझ्यामाझ्या वेण्या एकाच बैठकीत घातलेल्या. सारखी तीच बोटं डोळ्यांसमोर यायची.

काल रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. मार लागून आतली चरबी घट्ट झालीय, आता फक्त अधूनमधून दाखवत राहायचं. मार कसला, विचारलं तर काकू लाजल्या. धार काढताना म्हशीनं शिंग मारलं होतं! “कुलदीपले सांगतलं असतं तं त्यानं म्हैस इकली असती. लय गुनाची हाय वं ते.” डॉक्टरीणबाई हसल्या, मी हसले, आणि मग काकू हसता हसता रडायला लागल्या. पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, “चहा पाज मले.”

चहा पिताना त्यांनी मला तुझ्याबद्दल सांगितलं, आणि त्यांचं-तुझं सगळं तुला मोकळेपणी लिही म्हणाल्या. दिवाळीला आलीस तेव्हा तू छकुलीला एकदाही कडेवर घेतलं नाहीस. खोकताना खाली बसायचीस. विचारलं तर कंबर धरली म्हणायचीस. “बाळंतपनापासून तिचं काईतरी खाली उतरलं हाय,” काकू म्हणाल्या, “मले कयते, पन माया तोंडून विचारन होत नाही. तू विचार.” तुझ्या सासरी फोन सगळ्यांसमोर स्पीकरवर असतो, म्हणून हे पत्र तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर. राखी, अंग बाहेर येणं, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकणं, हा पुष्कळ बायकांना होणारा त्रास आहे, आणि त्यावर उपाय आहेत. तिथे जवळ बाई डॉक्टर असेल तर तिला दाखव. तिथे जीभ उचलत नसेल तर सुट्टीत इकडे ये. मला काही सांगू नकोस, नुसतं ‘आले’ म्हण. छकुलीला काकू सांभाळतील, त्यांनी तसं कबूल केलंय. दार लावून मी तुझ्याजवळ बसेन.

वाट बघणारी, तुझीच
अर्पिता