डॅरेलचा भाव एक डॉलर

तीर्थरूप मार्लिसताई,

धाकट्या ओर्विलचा नमस्कार. खरं तर साष्टांगच घालायला हवा, पण माझी कंबर हल्ली माझं ऐकत नाही, आणि एकदा खाली गेलो की उठवायला घरात कोणी नाही, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे. तुझी साखर कशी आहे? नव्या चष्म्यानं डोकं दुखायचं ते थांबलं का? तुमच्या कर्नीला अजून बर्फ आहे असं टीव्हीवर दाखवतात. दारातल्या पायऱ्यांवर मीठ टाकल्याशिवाय बाहेर पडू नकोस. इकडे आयोवात सगळं ठीक आहे. म्हणजे मका स्वस्त, डुकरं महाग, पाद्री तोच, आणि मला तुला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही. हे शेवटचं कसं झालं ते सांगायलाच लिहितोय. रविवारी फोनवर सांगणार होतो. पण तू उचलल्या उचलल्या विचारलंस, "ओर्व्या, जेवलास का?" आणि पुढची वीस मिनिटं मी फक्त मक्याच्या भावावर बोललो.

आमची मार्चमधली बैठक तुला माहीत आहे, आणि ती तुला मुळीच पसंत नाही हे मला माहीत आहे. नऊ म्हातारे आणि एक म्हातारी चर्चच्या तळघरात जमतात, प्रत्येकाजवळ लुटुपुटीचे दोनशे साठ डॉलर, आणि खऱ्याखुऱ्या बेसबॉल खेळाडूंचा लिलाव करून जो तो आपला लुटुपुटीचा संघ उभा करतो. मग उन्हाळाभर तो खेळाडू कुठल्याही शहरात कोणासाठीही चेंडू टोलवो, गुण आपल्या वहीत. ("दुसऱ्यांची पोरं घाम गाळणार आणि तुम्ही पाय हलवत गुण मोजणार," असं तू म्हणतेस. म्हण. पण त्यातलं एक पोर आपलं आहे ना!) गेली बारा वर्षं मी तुझ्या डॅरेलला घेत आलो, आणि माझी ही दुखरी नस साऱ्या तळघराला सापडली आहे. हार्डवेअरवाला व्हर्लिन तर त्यासाठीच येतो. "मामा आहे, सोडतोय कुठे!" म्हणायचं आणि बोली चढवत न्यायची. गेल्या साली मला एकोणीस डॉलर पडले, आणि माल सहाचा होता. (रागावू नकोस, हा नुसता हिशेब आहे. हिशेब म्हटलं की माणूस भाच्याला माल म्हणून जातो, हेच तर सांगायचं आहे.)

तर यंदा मी शहाणपणा केला. मंडळाचा चिटणीस मीच. दरवर्षी लिलावाच्या आधी तीन आठवडे खेळाडूंच्या मूल्यमापनाची पत्रकं काढून मी घरोघरी देतो, आणि लोक ती बायबलपेक्षा बारकाईनं वाचतात. डॅरेलबद्दल मी काय लिहिलं ते तुझ्यापासून लपवत नाही, जसंच्या तसं देतो: "वय सदतीस. आउटफिल्डच्या डाव्या टोकाला उभा असतो. चेंडू त्याच्यापर्यंत पोचतो तेव्हा दोघंही दमलेले असतात. होमरन सतरावरून अकरावर. पिचरची नजर चुकवून पुढचा बेस चोरायचं सोडून दिलं, आता सभ्य गृहस्थ आहे. डावऱ्या पिचरनं फेकलेला चेंडू अजून बरा मारतो, पण डावरे रोज थोडेच भेटतात. क्लबनं सरावाच्या छावणीला बोलावलंय, संघातल्या जागेची हमी दिलेली नाही." इथवर सगळं खरं, आणि इथंच थांबलो असतो तर सहा-सात डॉलरांत भाचा घरी आला असता. पण माझ्या डोक्यात एक डॉलर बसला होता. म्हणून पुढं एक ओळ मनानं रचून घातली: "उजवा गुडघा गेलाय. घरातल्या माणसाकडून पक्की खबर." खोटं बोल पण रेटून बोल, तसली. पत्रकं वाटून आलो आणि त्या दिवशी मला फार छान झोप लागली.

व्हर्लिनचा जावई कीथ आमच्या रेडिओवर सकाळचे डुकरांचे भाव सांगतो, हे मी विसरलो होतो. भाव सांगून झाले की वेळ उरतो, त्यात तो खेळाच्या दोन बातम्या वाचतो. त्यानं सासऱ्याच्या टेबलावरचं माझं पत्रक उचललं आणि "डॅरेल एन्गेनच्या घरातूनच कळतं की" असं म्हणून गुडघा साऱ्या जिल्ह्याला ऐकवला. माझं नाव घेतलं नाही. (त्याच्या परीनं त्यानं सभ्यपणाच केला.) तिथून ती बातमी कोणत्या वाटेनं गेली देव जाणे, पण चौथ्या दिवशी ॲरिझोनातल्या छावणीत एका बातमीदारानं डॅरेलला विचारलं, "घरचे म्हणतात गुडघा गेला, खरं का?" आणि प्रशिक्षकानं त्याला सगळ्यांदेखत चारी बेस दोनदा पळायला लावले. तो पळाला. दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला.

पुढचं तूच मला फोनवर सांगितलंस, रडत रडत. की जानेवारीत गुडघ्यातून पाणी काढलं होतं, तूच त्याला गाडीनं नेलं होतंस, तुझ्याशिवाय घरात कोणाला ठाऊक नव्हतं, आणि आता तो म्हणाला, "आई, निदान तू तरी गप्प राहायचं होतंस." त्यानं फोन ठेवला तो ठेवला. आज एकोणीस दिवस झाले. ताई, भल्या माणसानं तोंड उघडायची वेळ ती होती, आणि मी उघडलंही. मी म्हणालो, "नीट आठवून बघ. त्या आर्लीनकडे केस सेट करताना काही बोलली नाहीस ना?"

हे वाक्य मी बोललो. कोणी माझ्या डोक्यावर बंदूक धरली नव्हती. समोर फक्त कॉफीचा कप होता. आणि तू, जी गेली सव्वीस वर्षं दर गुरुवारी आर्लीनच्या खुर्चीत बसत आलीस, टेडभावजींच्या अंत्यविधीलासुद्धा जिनं तुझे केस केले, तू म्हणालीस, "बोलले असेन बाई. ड्रायरच्या आवाजात आपण काय बोलतो ते आपल्यालाच कुठे ऐकू येतं?" तेव्हापासून तू तिच्याकडे पाऊल टाकलेलं नाहीस. तिनं कार्ड पाठवलं तेही फोडलं नाहीस. आता घरीच कात्री चालवतेस. परवाच्या फोटोत तुझ्या कपाळावरचे केस एका भुवईपासून निघून दुसऱ्या बाजूला थेट कानाला भेटले आहेत. मी तो फोटो फ्रिजला लावलाय आणि हल्ली दूध कपाटातच ठेवतो.

आता लिलावाचं ऐक, म्हणजे माझी शोभा पुरी होईल. गेल्या शनिवारी सगळे जमलो. जॉइसनं (तीच आमच्यातली म्हातारी, शाळेत ग्रंथपाल होती) बटाट्या-खिम्याची भलीमोठी परात ओव्हनमधून गरमगरम आणली होती. लिलाव पुकारायला दरवर्षीप्रमाणे ड्वेन. तो एरवी गुरांच्या बाजारात पुकारतो, त्यामुळे खेळाडूंची नावंसुद्धा शेपटाला धरून उभं केल्यासारखी घेतो. डॅरेलचं नाव निघालं. मी अगदी सहज, नाक खाजवत, म्हणालो, "एक डॉलर." आणि व्हर्लिनकडे पाहिलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"नाही ओर्विल," तो म्हणाला. "पोराचा पाय दुखावलाय. त्याच्यावर मी बोली लावायची नाही. तुझं आहे, तूच ने."

पाद्रीबुवांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आम्ही रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना केली," म्हणाले. "ताईला धीर द्या." जॉइसनं न मागता माझ्या ताटात परातीचा कडेचा कुरकुरीत तुकडा वाढला, जो ती स्वतःच्या नातवालाही देत नाही. माझी युक्ती शंभर टक्के लागू पडली होती. तळघरात नऊ माणसं होती आणि माझ्या भाच्यासाठी एकाचंही तोंड उघडत नव्हतं, आणि ड्वेन म्हणत होता, "एक डॉलर एकवार, एक डॉलर दोनवार..."

"दोन!" मी ओरडलो.

ड्वेननं चष्म्यावरून पाहिलं. "अरे, एकची बोली तुझीच होती."

"तीन."

"ओर्विल, समोर कोणी नाही. तू स्वतःशीच भांडतोयस."

"मग भांडू दे. सात! बारा!" काय झालं मला ते सांगता येत नाही. त्या शांततेत डॅरेलचं नाव एका डॉलरला लोंबकळत होतं आणि मला ते पाहवेना. वीस म्हणालो. सव्वीस म्हणालो. मधेच एकदा घाईत चोवीस म्हणालो तर ड्वेन म्हणाला, बाजारात उलटं जायची पद्धत नाही. एकेचाळीसला माझा श्वास संपला. ड्वेननं हातोडा आपटला आणि हळूच म्हणाला, "एवढ्यात आमच्याकडे सबंध गोठा येतो रे." कोणी हसलं नाही. जॉइस तेवढी माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. सदोतीस वर्षं पोरांकडून फाटलेली पुस्तकं परत घेतलेल्या बाईपासून काही लपत नाही. उरलेल्या पैशांत जो संघ जमला त्याचं वर्णन करत नाही. माझा मुख्य पिचर सध्या डाव्या हातानं जेवतो, आणि तो उजवा आहे.

तर ताई, बोलणारी तू नव्हेस, आर्लीन नव्हे, ड्रायर नव्हे. मी आहे. एका डॉलरसाठी, आणि तोही लुटुपुटीचा. तुझ्या लेकाला तुझ्यापासून तोडलं आणि वर तुलाच आठवायला बसवलं. शिव्या दे. त्या खायला मी यंदा ईस्टरला येईन. येऊ का नको ते कळव.

तुझा, आरशाकडे पाठ करून दाढी करणारा भाऊ,
ओर्विल

ता. क. – शुक्रवारी क्लब अंतिम यादी लावणार आहे. डॅरेलचं काय झालं ते लगेच कळव. मामा म्हणून विचारतोय. (आमच्याकडे संघात बदल करायची मुदत शनिवार दुपार आहे, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. फारसा नाही.)

दुसरा ता. क. – आर्लीनकडे जा. आधी तिचं कार्ड फोड.

तिसरा ता. क. – वर "मनानं रचून" असं लिहिलंय ते खोटं आहे. नाताळात तुझ्याकडे जेवण झाल्यावर मी कोचावर झोपलो होतो ना, तो झोपलो नव्हतो. डॅरेल माडीवरून उतरत होता. दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, पाळण्यातून नुकतं उतरलेलं पोर उतरतं तसा. खाली आल्यावर मिनिटभर भिंतीला टेकून उभा राहिला, घाम पुसला, आणि मग हसत हसत तुझ्या स्वयंपाकघरात शिरला. मी डोळे मिटून घेतले. पुढं मार्चमध्ये पत्रक लिहायला बसलो तेव्हा तेच आठवलं, आणि वापरलं. हे त्याला तू सांग. मला फोनवर जमायचं नाही, मी मक्यावर जाईन.

चौथा ता. क. – हे पोस्टात उभ्यानं लिहितोय. तू त्याला काही सांगू नकोस, गरज नाही. लायब्ररीत जाऊन या सगळ्याची, पायऱ्यांसकट, एक नक्कल काढली आणि डॅरेलच्या नावानं आत्ताच पेटीत टाकली. अडतीस वर्षं मी याच गावात टपाल वाटलं. पेटीत पडलेलं पाकीट परत मिळत नाही हे मला कोणी सांगायला नको. तुझं मुद्दाम नंतर टाकतोय. तुझं आधी टाकलं असतं तर तू फोन करून मला माफ केलं असतंस, आणि मग त्याचं मी टाकलंच नसतं.