पंपाला दीड पेला

प्रिय मंदा,

माझ्या सुनेवर ओरडायचा हक्क तुला कोणी दिला, ते आधी सांग. ओरडायला मी आहे की घरात. लग्न होऊन आली तेव्हापासून मी समीक्षावर ओरडतेय, भाकरी जाड झाली म्हणून, ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून, आणि पोरीने एकदा डोळ्यांत पाणी आणलेलं नाही. ऐकून घेते, हसते, कामाला लागते. तू एकदाच बोललीस आणि ती दोन दिवस धड जेवली नाही. म्हणजे त्यातही तूच माझ्यापेक्षा वरचढ.

फोन केला असता, पण फोनवर तू मला तीन वाक्यांत गप्प करतेस. चौथं वाक्य मला नंतर भांडी घासताना सुचतं. म्हणून लिहायला बसले. तिसरी पास बाईने एवढं लिहायचं म्हणजे बोटं दुखतात, तर वाचताना कंटाळू नकोस. पाकीट साईनाथच्या हाती देतेय. खोपटच्या एसटी डेपोतली ड्युटी संपली की कोपरीला तुझ्याकडे येईल. पाकीट चिकटवलंय. माझ्या पोराला आत काय आहे ते माहीत नाही, तूही सांगू नकोस.

कालच्या नव्हे, त्याआधीच्या रविवारी तू कोपरीच्या दोन बायका घेऊन आमच्या आंबिवलीला आलीस. शेतावर जायच्या आधीच मला राग आलेला, कारण तू त्यांना रस्त्यात सांगत होतीस, चला, समीक्षाची वांगी दाखवते. समीक्षाची. जमीन माझी, विहिरीची मोटर माझ्या नवऱ्याने बसवलेली, तो गेल्यावर रोपं लावायला मी वाकले, आणि वांगी समीक्षाची. बांधावर पोचलो आणि तू थांबलीस. वांग्यांची पानं कडेने करपलेली, भाजल्या पापडासारखी वर वळलेली, कोवळे शेंडे काळे पडलेले, आणि खाली मातीत जांभळ्या फुलांचा सडा. त्या दोन बायकांसमोर तू तिला म्हणालीस, “माप हातात नसेल तर पंप हातात धरू नये.” शुक्रवारी संध्याकाळी तिनेच पंपाने पाल्याचं औषध फवारलेलं, त्यामुळे तिला वाटलं आपलंच चुकलं. तू चहा न घेता गेलीस. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

मी बाजूलाच होते. तरी तिची बाजू घेतली नाही. त्याचं पुढे सांगते.

तुला ते दुकानातलं औषध आठवतं का, लाल पट्टीची बाटली? आपण दोघी तोंडाला पदर बांधून मारायचो आणि त्याच हाताने डबा खायचो. मग त्या वर्षी तू तुझ्या वांग्यांत आडवी झालीस. तोंडाला फेस. मी आणि तुझ्या नवऱ्याने तुला भाजीच्या हातगाडीवर घालून डॉक्टरकडे नेलं, आणि वाटेभर मी तुला शिव्या घालत होते, कारण रडले असते तर गाडी ढकलता आली नसती. बरी झालीस आणि म्हणालीस, आता झाडपाल्याचंच मारायचं. कृषीच्या शिबिरात जाऊन दहा पाल्यांचा अर्क शिकून आलीस. पण पाला ओळखत कोण होतं? तुला करंज आणि कडुनिंबाच्या पुढे काही कळत नव्हतं. नदीकाठाने निर्गुडी, रुई, घाणेरी, सीताफळ, सगळं मी तोडून आणलं. गुळवेल कुठल्या आंब्यावर चढलीय ते मला झोपेत विचार. मी पाला आणायचा, तू ड्रममध्ये शेण-गोमूत्रात भिजवायचीस, महिनाभर दोघींनी आळीपाळीने ढवळायचं. वास असा की माझा नवरा म्हणायचा, तुम्ही दोघी आल्या की आधी कुत्री पळतात, मग कीड.

आणि झाडं किती बदलली ते दोघींनी पाहिलं. दुकानातल्या औषधाने किडे पटापटा पडायचे, पण झाड आजाऱ्यासारखं दिसायचं, मधमाशी फिरकायची नाही. अर्काने किडा लगेच मरत नाही. नुसता खायचा थांबतो, सुस्तावतो. मला तेव्हा धीर नव्हता, आजही नाही. तू म्हणायचीस थांब, आठ दिवस थांब. आठ दिवसांनी पानाला तुकतुकी यायची, फूल टिकायचं, फळाला भोक नसायचं. पाला माझा होता मंदा, पण माप तुझं. पंपात ओतताना तू माझ्याकडे पाठ करायचीस. मुद्दाम नसेल. पण करायचीस.

तीन वर्षांपूर्वी तू तुझा जमिनीचा तुकडा विकून लेकाकडे कोपरीला गेलीस. जाताना ड्रम आमच्याकडे दिलास आणि मापांची वही काढलीस. मी हात पुसून पुढे केला. तू माझ्या हातावरून वही समीक्षाकडे दिलीस आणि म्हणालीस, “आवडाला वाचायला वेळ लागतो, तू ठेव.”

तुझ्या लक्षातही नसेल. खरंच आहे, लागतो वेळ. पण माझ्या सुनेसमोर बोलायची गरज होती का? तेव्हापासून त्या वहीला मी हात लावला नाही. ती ड्रमच्या वर खुंटीला पिशवीत लटकलेली असते. समीक्षा पंप भरायच्या आधी दर वेळी उघडून बघते, तोंडपाठ झालं तरी बघते, आणि मी बघते तिच्याकडे.

मग तुमचे फोन सुरू झाले. संध्याकाळी ती चुलीजवळ फोन ठेवून मावशी, मावशी करत बसते. मावशी, पानाखाली पांढरे ठिपके आहेत. मावशी, रिठ्याचं पाणी किती घालू. मी तिथेच भाजी चिरत असते. मला विचार की. मी पन्नाशी ओलांडली ती ह्याच मातीत. आधी मला वाटायचं माझी मैत्रीण सुनेने नेली. मग वाटायला लागलं, माझी सून मैत्रिणीने नेली. दोन्हीकडून रिकामी मीच. तुला हे वाचून हसू येईल. येऊ दे.

त्या गुरुवारी फोनवर तू तिला सांगितलंस की रविवारी बायका घेऊन येते, तुझं काम बघू दे त्यांना. ती आनंदाने नुसती उडत होती. शुक्रवारी ऊन उतरल्यावर फवारलं आणि शनिवारी सकाळी डोंबिवलीला माहेरी गेली, संध्याकाळी परत येते म्हणाली. मी दुपारी शेतावर गेले. पानं उलटून बघितली तर माव्याची कीड होतीच. हलत नव्हती, पण होती. मला वाटलं, बघा, ह्यांचं पाणीदार औषध. पंपभर पाण्याला दीड पेला. दीड पेल्याने काय होणार? आपण कालवणात मीठसुद्धा जास्त घालतो. उद्या झाडं लख्ख दिसली की मी म्हणणार होते, हे मी केलं, वही न बघता.

अर्धा पंप अर्क ओतला, अर्धा पाणी. पानाला चिकटावं म्हणून कपड्याच्या साबणाची पावडर मूठभर टाकली, रिठे शोधत कोण बसणार. आणि दुपारी बारा वाजता, ऑक्टोबरच्या उन्हात, न्हाऊ घातल्यासारखी झाडं भिजवली. मारताना मला इतकं बरं वाटत होतं की मी गुणगुणत होते.

म्हणजे करपवली मी. आता तुला कळलं. रविवारी तू तिला बोलत होतीस तेव्हा मी बांधावर उभी होते, आणि खोटं लिहीत नाही, मला आतून गार वाटलं. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा तिच्यावर चिडलीस ह्याचं गार वाटलं. तुम्ही गेल्यावर समीक्षाने काय केलं माहीत आहे? महिनाभर ढवळलेला ड्रम एकटीने तिरपा केला आणि सगळा अर्क नाल्यात सोडला. मी म्हटलं राहू दे. तर म्हणाली, मी हात लावलेलं आता झाडाला नको. मग गार वाटायचं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ती घरात नव्हती तेव्हा खुंटीवरची पिशवी काढली. एक पान वाचायला मला चहा थंड होईपर्यंत वेळ लागला. तिसऱ्या पानावर तुझ्या अक्षरात आहे, भर उन्हात मारू नये, पान भाजते. त्याखाली आहे, कपड्याचा साबण कधीही नाही. त्याखाली, जास्त म्हणजे चांगले नव्हे. हे शेवटचं माझ्याचसाठी लिहिलेलं वाटलं. मला वही दिली असतीस तर वेळ लागला असता मंदा, पण वाचली असती.

परवा शनिवारी तिला सांगून टाकलं. ती बाजरी पाखडत होती. सरळ म्हटलं, झाडं मी करपवली, तू माहेरी गेलेलीस तेव्हा. तिने सूप खाली ठेवलं, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “आई, माझ्यासाठी खोटं अंगावर घेऊ नका.” माझे पाय दाबून दिले. मी ओरडले, खरं आहे गं, तर तिचे डोळे आणखीच भरले. तिला वाटतंय सासू किती चांगली. रात्री तिने साईनाथलाही तसंच सांगितलं, आणि तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी ताट उचलून चुलीकडे तोंड करून बसले. आयुष्यभर खरं बोलून वाईट झाले, आता एकदा खरं बोलले तर देव्हाऱ्यात बसवायला निघालेत.

तर आता लिहिण्याचं कारण. समीक्षा लग्नाआधी डोंबिवलीत ज्या कंपनीत पॅकिंगला होती तिथे परत कामाला लागतेय, येत्या शुक्रवारपासून. शेतावर पाऊल टाकत नाही म्हणते. माझा पंप पाच ओळींतच संपला होता. विहिरीकडच्या दोन ओळींना फक्त तिचं शुक्रवारचं दीड पेल्याचं औषध लागलंय, आणि त्या हिरव्यागार आहेत, फुलावर आहेत, पानाखाली मावा वाळून गेलाय. त्या दिवशी करपलेलं बघण्याच्या नादात तिकडे कोणी गेलंच नाही. मी तिला सांगितलं, तर म्हणते तिथे औषध पोचलंच नसेल. तू पान उलटून बघितलंस की तुला लगेच कळेल, मारलंय की नाही, माप बरोबर की चूक. करपलेल्या पाच ओळींनाही खालून नवे फुटवे आलेत, ते छाटून घ्यायचे की राहू द्यायचे ते मला येत नाही, आणि मी ह्या वेळी कोणाला न विचारता काही करणार नाही. तू ये. तिला हाताला धरून त्या दोन ओळींत घेऊन जा. माझं खरं तिला पटत नाही, तुझं पटतं. हे लिहिताना मला काय होतंय ते तुला सांगणार नाही. येतेस की नाही ते गुरुवारच्या संध्याकाळपर्यंत कळव. साईनाथकडे तोंडी निरोप नको, “बघू” असंही नको, एक शब्द लिहून पाठव. मी वाचेन.

तुझीच,
आवडा