जावयाच्या गोळ्या

चिरंजीव धाकट्या, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

माझ्या गालातली शीर आता ठणकत नाही. काल अख्खं सफरचंद दातांनी तोडून खाल्लं.

आता मुद्द्याचं. याच दुखण्यावर जावयांना ज्या गोळीने गुण आला, तीच मला हवी म्हणून मी हटून बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, आधी रक्त तपासू. जावई वेगळ्या वंशाचे. तुमच्याकडच्या काही लोकांत एक जनुक असतं. त्यांनी ही गोळी घेतली, तर कातडी सोलून निघू शकते." तपासलं, तर ते माझ्यात निघालं! मग दुसरं औषध दिलं.

आणि मी शहाणी! तुझंही तेच दुखणं, म्हणून जावयांची एक पट्टी तुला आधीच धाडून बसले होते. चूक माझी. पण आपले आईबाप एकच, तेव्हा ते जनुक तुझ्यातही असू शकतं.

फोनवर तू "हो हो, नाही घेत" म्हणालास. तुझं "हो हो" मी लहानपणापासून ओळखते, म्हणून लेखी कळवते. पट्टी बायकोच्या हवाली कर आणि रक्त तपासून घे. तिचे गुडघे कसे आहेत?

माझ्यावर चिडलास तरी चालेल. अंगावर पुरळ उठलेलं चालणार नाही.

तुझी,
ताई