उपाशीपोटी एक गोळी

३ फेब्रुवारी, सोमवार

चौदा मिलिमीटर! नाकाच्या मागं, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते म्हणे – पिट्युटरी. आमच्या वर्षिणीची सुजून दुप्पट झालीय आणि डोळ्यांच्या नसांना टेकलीय. प्रणेशनं बायकोचा एमआरआयचा रिपोर्ट तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा अर्ध्यातच कागद खाली ठेवला.

म्हणून सुनेला बाजूचं दिसत नव्हतं. आणि मी म्हणत होते, दाराला काय धडकतेस, डोळे कपाळात गेले का! जीभ झडो माझी.

५ फेब्रुवारी, बुधवार

डॉ. मधुमितांकडं गेलो, तिघंही. प्रणेशच्याच वयाची असेल बाई, पण धाक वाटतो. रक्ताचा रिपोर्ट बघून तिच्या कपाळाला आठी. थायरॉईड फारच बिघडलंय म्हणाली. "गोळी रोज घेता ना? सकाळी, उपाशीपोटी?"

वर्षिणीनं तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं – "घेते हो, रोज घेते. आमच्या घरात औषध चुकत नाही." डॉक्टरनं पुन्हा तिलाच विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग "हं" म्हणाली.

डॉक्टर म्हणाली, "घेत नसता तर म्हटलं असतं, त्यामुळंच ग्रंथी सुजलीय, गोळीनं उतरेल. घेऊनही असं, म्हणजे गाठच धरायला हवी. डोळ्यांना धोका आहे, थांबता येणार नाही."

नाकातून ऑपरेशन. गुरुवारी, तेरा तारखेला.

८ फेब्रुवारी, शनिवार

एकादशी. चूल बंद, हाताला काम नाही. म्हटलं, हॉस्पिटलात न्यायला तिचे जुने मऊ कपडे काढून ठेवावेत. कपाटात ब्लाउजपिसांच्या खाली चार बाटल्या. थायरॉईडच्या गोळ्यांच्या. एकीचंही सील फोडलेलं नाही!

हाक मारली. आली, बाटल्या बघितल्या आणि खालीच बसली.

"तुम्हीच सांगितलं होतं ना अम्मा, नैवेद्य होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नको."

सांगितलं होतं. गेल्याच्या गेल्या दसऱ्यात माझा गुडघा गेला, तेव्हा देवाचा स्वयंपाक तिच्याकडं दिला. मडी म्हणजे मडी, सोवळ्यात तडजोड नाही, असं वर ठणकावून सांगितलं. तशी कॉलेजात शिकलेली मुलगी, मला वाटलं औषधाचं तिचं तिला कळेल. नैवेद्याला साडेनऊ होतात. मग पोटात आग, कॉफी, उप्पिट. "उपाशीपोट उरायचंच नाही. उद्यापासून घेऊ, उद्यापासून घेऊ, असं करत राहूनच गेलं."

"अगं पण डॉक्टरला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही 'घेते' म्हणालात. सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं कसं पाडू?"

अय्यो देवा! नाकातून हत्यार घालणार आहेत हिच्या, आणि ही माझी अब्रू सांभाळत बसली! थोबाडीत द्यावीशी वाटली. तिच्या नाही, माझ्याच.

"यांना सांगू नका," म्हणाली. प्रणेशला.

९ फेब्रुवारी, रविवार

प्रणेश दिवसभर घरी होता. सांगितलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

मन किती लबाड! म्हणतं, गाठ खरंच असली तर? मी कोण मोठी डॉक्टर? मोठे सर्जन आहेत, त्यांना कळत नसेल होय?

खरं कारण लिहिते, इथं कोण वाचतंय! मला प्रणेशची भीती वाटते. मागच्या वर्षीच तो नंजनगूडला कंपनीचं क्वार्टर घेऊया म्हणत होता. "अम्मा, तुझे नियम तुझ्यापाशी, आम्हाला जगू दे," असं तोंडावर म्हणाला होता. वर्षिणी नको म्हणाली म्हणून राहिले. हे कळलं तर तो तिला घेऊन एक दिवस इथं थांबायचा नाही. मग या घरात मी आणि देव.

११ फेब्रुवारी, मंगळवार

प्रणेश हॉस्पिटलचा फॉर्म भरत होता. "अम्मा, थायरॉईडची गोळी कितीची?"

"शंभरची," मी म्हटलं. बाटल्या माझ्या उशीखाली!

संध्याकाळी वर्षिणी पेला घ्यायला गेली आणि हात दोन बोटं बाजूला पडला. कॉफी सांडली. तिनं मुकाट्यानं पुसली. मी नुसती बघत राहिले. माणूस आहे का मी!

१२ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं.

ती अ‍ॅडमिट व्हायच्या आधी डॉ. मधुमिता शेवटचं तपासायला आल्या. मी पिशवीतून चारही बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. "ही गोळी घेत नव्हती. सोळा महिने. माझ्यामुळं. मागच्या बुधवारी मी 'घेते' म्हणाले, ते खोटं." पहिल्यांदा माहीत नव्हतं, पण शनिवारनंतर होतं ना! तेही सांगितलं.

वर्षिणी घाईघाईनं म्हणाली, "नाही डॉक्टर, अम्मांची चूक नाही, मीच विसरले."

"गप्प बस," मी ओरडले. सगळं हॉस्पिटल बघायला लागलं.

डॉक्टरनं एक बाटली उचलून सील बघितलं. सर्जनला फोन लावला. ऑपरेशन थांबवलं! आजपासूनच गोळी, दर आठवड्याला डोळ्यांची तपासणी, तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय. सूज असेल तर उतरेल. नाही उतरली तर ऑपरेशन आहेच.

गाडीत प्रणेश एकच वाक्य बोलला. "शनिवारपासून, अम्मा?" घरी आल्यावर जेवला नाही.

१ मार्च, शनिवार

पहाटे पाचला गोळी आणि पाणी मीच देते. नैवेद्यही मीच करते, गुडघा गेला खड्ड्यात. प्रणेश कामापुरतं बोलतो. ती हसते, पण थकलेली असते अजून. डोळे – होते तसेच.

१५ मे, गुरुवार

उतरली! आठ मिलिमीटर! नस मोकळी, बाजूचं दिसतंय. गाठ नव्हतीच, नुसती सूज. डॉ. मधुमितांनी दोन्ही चित्रं शेजारी लावून दाखवली. मला काय कळतंय त्यातलं, पण रडले. प्रणेशनं माझ्या पाठीवर हात ठेवला, तीन महिन्यांत पहिल्यांदा. घरी येऊन शेवयांची खीर केली. त्यानं दोनदा मागून घेतली.

वाटलं, सुटले.

१८ मे, रविवार

नंजनगूडला क्वार्टर घेणार. प्रणेश नको म्हणत होता – "अम्माला एकटीला कसं सोडायचं?" वर्षिणीनंच माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, "अम्मा, मला जायचंय." एवढ्या वर्षांत या घरात तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. मी "जा" म्हटलं.